तळपायाचा आरसा

“पाय माहेच हायेत, पण आता ते मले काही सांगत नाही,” आनंदराव निनावे एकदा म्हणाले होते. तक्रारीचा सूर नव्हता. शेजारचं दुकान आज बंद आहे, असं सांगावं तसं सांगितलं आणि समोरची साडी घडी करून बाजूला ठेवली.

इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात ते गादीवर असत. गुडघ्याइतका उंच ओटा, त्यावर गाद्या, गाद्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी चादर. गिऱ्हाईक पायरीपाशी चपला काढून वर येतं, लोडाला टेकून बसतं आणि साड्या त्याच्या पुढ्यात उलगडत जातात. दाखवणारा दिवसभर कपाटापासून गिऱ्हाइकापर्यंत आणि पुन्हा कपाटापर्यंत त्या चादरीवरून अनवाणी चालत असतो. आनंदरावांचं तारुण्य आणि त्यानंतरचं जे काही असतं ते, तेवढ्याच अंतरात गेलं.

चपलांचा नियम दुकानाचा होता, पण राखणदार ते होते. “ताई, चप्पल खाली. लक्ष्मी हाये ही.” एकदा एक फौजदार बुटांसकट वर चढू लागला. आनंदराव हात जोडून त्याच्यापुढे उभे राहिले. बोलले नाहीत, हललेही नाहीत. शेवटी फौजदाराने पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. मोठे शेठ जिवंत होते तोवर ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मोठे शेठ सकाळी गादीच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावायचे. आता त्यांचा मुलगा गौरांग लावतो, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवरची नजर न काढता.

साखर आनंदरावांना बऱ्याच वर्षांपासून होती. गोळी आठवली तर घ्यायची. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप गोड चहा व्हायचा, कारण एकट्या गिऱ्हाइकाला चहा देणं बरं दिसत नाही. तळपायांना आधी मुंग्या आल्या. त्या पुष्कळ दिवस होत्या. मग मुंग्याही निघून गेल्या. आनंदरावांना वाटलं, आजार उतरला. बायकोला, जयाबाईंना, ते म्हणालेही होते, “आता बरं वाटून राह्यलं वं. काहीच होत नाही पायाले.”

साडीच्या घडीला किमतीची चिठ्ठी टाचणीने लावलेली असते. घडी मोडताना टाचणी काढून कॉलरमध्ये खोचायची, ही तिथली रीत. घाईत एखादी गादीवर पडते. ती शोधत कोणी बसत नाही. कोणाच्या तरी पायात जाते, तो माणूस ओरडतो आणि टाचणी सापडते. गादीवरच्या टाचण्या अशाच सापडतात.

लग्नसराईतला दिवस होता. यमुताई नावाच्या, नंदनवन वस्तीतल्या बाई मोठ्या नातीसाठी शालू बघत होत्या. आनंदरावांच्या घराकडच्याच, म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच येणाऱ्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे काय सांडलं?”

चादरीवर लाल ठिपके होते. कपाटापासून यमुताईंच्या मांडीपर्यंत आणि तिथून परत, एका रांगेत, काही वाळलेले, काही ओले. कोणाला लागलं म्हणून सगळे बघू लागले. आनंदरावांनीही पाहिलं. दुकानातल्या पोराचे, विक्कीचे पाय पाहिले, दुसऱ्या मुलाचे पाहिले, यमुताईंच्या नातीचे पाहिले. सगळ्यांचे पाहून झाल्यावर स्वतःचा पाय उलटा केला. टाचणी अंगठ्याखाली पुरती आत गेलेली होती, फक्त तिचं डोकं दिसत होतं. त्यांनी ती उपटली, सवयीने कॉलरमध्ये खोचली आणि पुढचा शालू उलगडला.

मग ताप आला. पाय काळा पडत गेला. इस्पितळात अंगठा काढला. काढला, हे त्यांना पट्टी बदलताना दिसलं, पायातून कळलं नाही.

घरी सोडायच्या आधी एका परिचारिकेने त्यांना डोळे मिटायला लावले. तिच्या हातात नायलॉनचा एक ताठ धागा होता. “पायाला लावते, काका. लागला की हो म्हणायचं.”

आनंदराव डोळे मिटून बसले. वर पंखा फिरत होता. कॉटखालून कोणाची तरी थाळी सरकली. रेशमाचा पोत डोळे मिटून चिमटीत ओळखणारा हा माणूस कसल्याशा स्पर्शाची वाट बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर, बाई ताटकळली असेल असं वाटून ते म्हणाले, “हो.”

“मी अजून लावलाच नाही, काका.”

नंतर तिने लावला असावा. त्यांनी पुन्हा हो म्हटलं नाही.

डॉक्टरांनी मोजकं सांगितलं. पाय रोज डोळ्यांनी पाहायचे. कोमट पाण्याने धुवायचे, पण पाणी दुसऱ्या कोणी तपासायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. एक पाऊलही अनवाणी नाही, घरातसुद्धा. “पुन्हा जखम झाली तर अंगठ्यावर भागणार नाही. पाय जाईल.”

मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या काळ्या चपला आल्या. जयाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी त्या बघितल्या. देव आत होते. मग त्यांनी देवांचा पाट उचलून बाहेरच्या खोलीत उंच फळीवर नेला. “या आता,” त्या म्हणाल्या.

शेजारचे मधुकरराव दारातूनच म्हणाले, “काहून गा आनंदा, घरात चप्पल? सायेब झाला का?”

“सायेब नाही, पेशंट,” जयाबाई आतून म्हणाल्या. “तुम्ही काढूनच या.”

संध्याकाळी दिवा लागला की आनंदराव टबात पाय सोडून बसत. पाणी जयाबाई कोपराने बघत. गरम की गार, हे त्या सांगत आणि ते मान्य करत. मग पंचा. मग मोरीतला गोल आरसा घ्यायचा, जमिनीवर धरायचा आणि त्यावर पाय वाकडा करायचा. आरशात एक पिवळट, भेगाळलेला प्रदेश दिसायचा, ज्यावर त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तो टाचेपासून वर वाचत जात, जिथे अंगठा असायला हवा तिथे थांबत आणि दुसरा पाय घेत.

“लग्नात माहं तोंड नाही पाह्यलं इतकं,” जयाबाई म्हणाल्या.

“तेव्हा दिसत होतं न सारं. म्हणून नाही पाह्यलं.”

मुलगी भावना रविवारी यायची. एकदा तिने विचारलं, “बाबा, आता बरं वाटते का?”

“वाटत काही नाही. पाहतो.”

एकदा असंच बघता बघता त्यांना आठवलं की स्वतःच्या वडिलांचे पाय त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. वडील कोष्टी. घरात खड्ड्याचा माग होता. वडील दिवसभर खड्ड्यात पाय सोडून विणत बसत, कमरेपासून वरचे तेवढे मुलांना दिसत. पाय दिसले ते वडील गेले तेव्हा, आंघोळ घालताना. कोवळे होते, उन्हात न गेलेले. कुणाचे तरी पाय उसने आणून लावल्यासारखे.

ही आठवण येऊन गेली. तिने काही झालं नाही. त्यांनी बेचक्या पुसल्या.

या रोजच्या पाहण्यात आतून शुद्ध होत जाणं वगैरे काही नव्हतं. चहा बिनसाखरेचा झाला, आधी कडू लागला, मग चहासारखा लागला. गोळ्या वेळेवर झाल्या. साखर उतरली, असं कागद म्हणाला. पायांनी त्यावर काही मत दिलं नाही. तरी आरशाचा नेम चुकला नाही. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी रोज केलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती त्यांना आवडते की नाही हेही त्यांना कळत नव्हतं.

दुकानात परत गेले तेव्हा त्यांनी पायरीशी चपलेचा पट्टा सोडला नाही. उभे राहिले. गल्ल्यावरून गौरांगने पाहिलं आणि उठून आला. मुलगा वाईट नव्हता. इस्पितळात दोनदा येऊन गेला होता.

“काका, माझं काही नाही,” तो म्हणाला. “पण पप्पांची गादी आहे. गिऱ्हाईक काय म्हणेल? आणि सगळ्यांना शिकवलं तर तुम्हीच न.”

“हो,” आनंदराव म्हणाले. ते खरंच होतं. गौरांगच्या जागी ते असते, तर इतकंही बोलले नसते; हात जोडून उभे राहिले असते.

त्यांना बाहेर स्टूल मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक घालायची. “या ताई, शालू, पैठणी, आत या.” समोरून हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या चळती जात. आवाज त्यांना कधी लागलाच नव्हता. त्यांचं काम हातांचं होतं. विक्की येता-जाता म्हणायचा, “काका, जरा जोरात हाक घाला. मयतीले बोलवल्यासारखं नका बोलवू.” ते हसत. आरसा आता थैलीतून बरोबर असे; संध्याकाळी घरी येऊन तो काढत. पाय शाबूत असत. हात रिकामे असत.

पुन्हा लग्नसराई आली. एका दुपारी गादीवर मुंगीलाही जागा नव्हती आणि यमुताई धाकट्या नातीला घेऊन आल्या. स्टूलवर त्यांना बघून म्हणाल्या, “इथं काहून बसले, भाऊ? मले तुमच्याच हातचं लागते.”

गौरांग दारापर्यंत आला. “काका, आजचा दिवस. जाड मोजे घाला, झालं. मी सकाळीच गादी झाडून घेतली आहे.”

आनंदरावांनी चपला काढल्या. पायरीवर ठेवल्या नाहीत. थैलीत घालून थैली बरोबर घेतली. विक्कीने दिलेले मोजे घातले आणि वर चढले.

हातांना सगळं आठवत होतं. पहिला शालू उलगडला तसा तो पाण्यासारखा पसरला. यमुताईंची नात पुढे सरकली. दुसऱ्यासाठी ते कपाटाकडे गेले आणि वळताना त्यांनी मागे चादरीकडे पाहिलं. पांढरी होती. शालू आणला, पुन्हा मागे पाहिलं. तिसऱ्याला काठाचं नाव सांगायचं राहिलं. चौथ्याला त्यांनी चुकून दुसऱ्याच कपाटातलं काढलं.

“लक्ष कुठं हाये, भाऊ?” यमुताई म्हणाल्या.

ते खाली बसले. शालूंच्या मधोमध, गिऱ्हाइकासमोर. मोजा काढला. थैलीतून गोल आरसा काढून चादरीवर ठेवला आणि त्यावर पाय वाकडा केला. शेजारच्या बायका माना वळवून बघू लागल्या. तळपायावर एक ओरखडा होता, पांढरा, रक्त नव्हतं. त्यांनी मोजा उलटा केला. तळाशी टाचणी तिरकी अडकली होती, टोक आतल्या बाजूला.

“निघाली न? झालं मग,” विक्की म्हणाला. “काही नाही झालं.”

“लागलं तर नाही न, काका?” गौरांगने गल्ल्यावरून विचारलं.

लागलं की नाही, ते आनंदरावांच्या पायांना सांगता येत नव्हतं. पुढेही कधी येणार नव्हतं. आरसा संध्याकाळी निघतो, टाचणी दुपारी पडते. कॉलरकडे गेलेला हात त्यांनी खाली आणला आणि टाचणी विक्कीच्या तळहातावर ठेवली.

उघडे पडलेले शालू त्यांनी एकेक करून घडी केले. यमुताईंच्या नातीला जो आवडला होता, तो तिच्या मांडीवर ठेवला. मग थैलीतून चपला काढल्या, बसल्या जागी पायांत घातल्या, पट्टे लावले. दोन्ही पट्टे बोटांनी चाचपून पाहिले.

“काका,” गौरांग गल्ल्यामागे अर्धवट उठला, “खाली उतरून घाला न.”

आनंदराव उभे राहिले. बायकांनी पदर आवरून वाट दिली. चादरीवर पाऊल पडलं, मग दुसरं. गल्लीतल्या धुळीचे ठसे उमटत गेले, डाव्या-उजव्याचे सारखेच. अंगठा कुठल्या पायाला नाही, ते त्यावरून कळत नव्हतं. गादीची कड आली. त्यांनी खाली वाकून कडेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि पायरी उतरून, स्टुलाकडे न वळता, गर्दीत चालू लागले.