केवळाबाईची मांजरं

ताडकळसच्या केवळाबाईंचा जन्म शेळ्या राखण्यात गेला. टीव्हीवरच्या कार्टूनमधलं मांजरांचं कुटुंब बोलतं, याचं त्यांना नवल वाटलं नाही. राग आला तो बोलीचा.

"मांजरं बोलतील, पण अशी पुण्यावानी कशाला बोलतील?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि नात सृष्टीसाठी स्वतःच बोलायला लागल्या. पडद्यावरची आई पिलावर खेकसली, "मुडद्या, उंडारायलास व्हय? पोटभर चरून आल्याबिगर घरात पाय ठेवू नको!"

"आज्जे, मांजर चरतंय व्हय?"

"माझं चरतंय."

गल्लीतली पोरं हसून लोळली. मग रोजच जमू लागली.

काल मधेच लाइट गेली, तरी केवळाबाई बोलतच राहिल्या. लाइट आली, टीव्हीचा बंद केलेला आवाज आपोआप सुरू झाला आणि आतली मांजरं मोठ्यानं बोलू लागली. सृष्टी वैतागली, "आज्जे, यांना गप कर. यांना चरायचं बी कळत न्हाई!"