नारळ फुटला, बटण राहिलं
ओलं खोबरं हातात आलं की मला खारघरला मित्राच्या घरी घालवलेली ती रविवारची सकाळ आठवते. फोनवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघांनी बनवलं होतं. फुकट, आणि कोडही सगळ्यांना खुला. त्याचा जुना आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, म्हणून नव्या आवृत्तीसाठी आम्ही मित्राच्या आईचा, म्हणजे साताऱ्याकडच्या काकूंचा, आवाज रेकॉर्ड केला होता. तिसरा भिडू उरणचा. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, पण तो सकाळपासून तिकडे घरीच फोनला कान लावून बसला होता. सगळ्या चाचण्या पास झाल्या! "नारळाबिगर काय सुरू करायचं नाय," म्हणत काकूंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी कीबोर्डवर शिंपडायला निघाल्या, तेव्हा आम्ही ओरडत आडवे आलो. मग टाळ्या, मिठ्या, तोंडभर खोबरं-साखर. तेवढ्यात स्पीकरवर उरणहून आवाज आला, "आरं, माझ्या दुसऱ्या फोनवर अजून जुनाच आवाज हाय!" मी मित्राकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आवृत्ती प्रकाशित करायचं बटण कुणी दाबलंच नव्हतं. "मग दाबा की आता, नारळ फुटलाय न्हवं!" काकू म्हणाल्या, आणि आम्ही त्यांचंच बोट धरून ते दाबलं. थोड्या वेळानं उरणच्या फोनमधून त्यांचा आवाज लख्ख ऐकू आला, तशा त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं बया, मी उरणला कवा पोचले!" परवा वाशीला बँकेच्या रांगेत एका अनोळखी माणसाच्या फोनमधून काकू बोलल्या, आणि माझ्या तोंडात खोबरं-साखरेची चव आली.