दातिवऱ्याचे चार सेकंद

नाशिकहून सकाळी सुटलेली एस.टी. मोखाडा मागे टाकून जव्हारच्या वळणांवर आली, तेव्हा उतारावरच्या खाचरांत भाताची कापणी संपत आली होती. कापलेल्या भाताचे भारे डोक्यावर घेऊन बाया बांधांवरून चालत होत्या. मी खिडकीशी बसून फोनवर चार सेकंदांचा एक तुकडा पुनःपुन्हा ऐकत होतो. त्या चार सेकंदांसाठीच हा प्रवास होता.

थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. हिपहॉप संगीतात जुन्या गाण्याचा एखादा तुकडा उचलून, त्याची आवर्तने करून, त्यावर नवे शब्द म्हणण्याची पद्धत आहे. अशा उचललेल्या तुकड्याला ‘सँपल’ म्हणतात. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी जुन्या रेकॉर्ड (ध्वनिमुद्रिका) जमवू लागलो आणि माझ्या पुतणीच्या नादाने सँपलांची मूळ गाणी शोधण्याचा छंद मला जडला. नव्या गाण्यातला तुकडा कानात ठेवायचा, बाजारातल्या धुळकट रेकॉर्ड चाळायच्या, आणि एखाद्या दिवशी सुई टेकताच तोच सूर उमटायचा. त्या आनंदाला वयाची अट नाही.

बोईसरजवळच्या बेटेगावात राहणाऱ्या सागर नावाच्या तरुणाच्या रॅपमध्ये एका मुलीचा पातळ, उंच आवाज होता: ‘दातिवऱ्याचे बंदराला येशील का गो?’ सागरने पुतणीला संदेशातून एवढेच कळवले होते की, रेकॉर्ड बोईसरच्या एका भंगाराच्या दुकानात ऐकली. ती मुलगी आज बरीच वयस्क असेल, असा हिशेब करून मी प्रथम तिच्या गावी जायचे ठरवले. मैत्रिणीने मैत्रिणीला घातलेली साद, असा मी त्या ओळीचा अर्थ लावला होता.

पालघरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मी दातिवऱ्याला पोचलो. किनाऱ्यालगत वलांड्यांवर (मासळी वाळवण्याच्या बांबूंच्या मांडणीवर) बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगले होते. वाऱ्याची दिशा बदलली की सगळी रांग एकदम हलत असे. एका घराच्या पायरीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांचे नाव हिराबाई. मी नमस्कार करून माझी ओळख आणि येण्याचे कारण सांगितले.

“नाशकावरनं? गान्यासाठी?” त्या हसल्या. “मास्तर, घरात काम नाय काय तुमाला?”

मी तुकडा ऐकवला. त्यांनी फोन कानाशी धरला.

“गानं आमचंच हाय. लग्नात सगळीच म्हनतात. पन ही पोरगी कोन? हिला सर्दी झालीय का काय? आमच्याकडं असं चिवचिव कोन गात नाय.”

मी वहीत नोंद केली: आवाज अपरिचित. हिराबाईंनी मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून त्यांनी शेजारणीला हाक मारून तो प्रकार दाखवला. मग सुकट निवडता निवडता म्हणाल्या, “रेकॉर्डी शोधता ना, मग आमची पन एक शोधा. माझा नवरा नि मी मुंबयला जाऊन गायलो होतो. धर्मा नाव त्याचं. आमच्याकडं होती ती पुराच्या पान्यात गेली. फोटो हाय त्याचा, आवाज नाय. सात वर्सं झाली जाऊन. आता आटवायला बसलं तर त्याचा खोकला आटवतो, गळा नाय आटवत.”

“अवश्य शोधतो, मावशी,” मी म्हणालो आणि वहीच्या शेवटच्या पानावर ‘इतर’ या शीर्षकाखाली लिहिले: धर्मा, दातिवरे. रेकॉर्डवर कोणते गाणे होते, हे मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी बोईसर. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाळी बदलणाऱ्या कामगारांची गर्दी होती आणि कानावर मराठीइतकीच हिंदी पडत होती. भंगाराचे दुकान दोन तासांच्या चौकशीनंतर सापडले. मालक मनमोकळा होता. पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकच्या बादल्या, खुर्च्या, पाइप यांच्या ढिगाशेजारी त्याने पंधरा-वीस रेकॉर्ड माझ्यापुढे मांडल्या.

“बजा के देखने का प्लेअर तो पिछले महीने बिक गया, मास्टरजी,” तो म्हणाला.

मी प्रत्येक रेकॉर्ड उजेडात धरून नाव वाचले. स्त्रीचे नाव असलेली एकही नव्हती. एका छोट्या रेकॉर्डच्या हिरव्या कागदावर मात्र अक्षरे होती: ‘धर्मा आणि साथी’. हिराबाईंचे काम इतक्या सहज झाले, याचे मला समाधान वाटले. परंतु मी सोबत पुठ्ठ्याची एकच पेटी आणली होती, एका रेकॉर्डपुरती, आणि ती त्या मुलीच्या रेकॉर्डसाठी राखून ठेवली होती. बाहेर कडक ऊन होते. उन्हात रेकॉर्ड वाकते. एकदा वाकली की सुई ठरत नाही. नवशिक्यांना मी हा नियम नेहमी सांगतो.

“ही बाजूला ठेवा,” मी हिंदीत सांगितले. “उद्या सकाळी नीट वेष्टन आणून घेऊन जातो.”

“अरे, अभी ले जाओ ना! पिशवी देता हूँ.”

“पिशवीत वाकेल.”

“जैसी आपकी मर्जी,” असे म्हणून त्याने ती ढिगाशेजारच्या खुर्चीवर ठेवली.

तिथून मी बेटेगावला गेलो. सागरची पाळी तीन वाजता सुटली. चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. मी वही उघडून पहिला प्रश्न विचारला: ती मुलगी कोण?

“पोरगी?” सागर चहा सांडेपर्यंत हसला. “सर, पोरगी कुठली? बाप्याचा आवाज हाय तो. मी स्पीड वाढवला. तसा भारी वाटतो.”

त्याने फोनमधला मूळ तुकडा लावला. भरदार, थोडा घोगरा, किनाऱ्यावरून होडीपर्यंत सहज पोचेल असा पुरुषाचा आवाज. ‘येशील का गो?’ मैत्रिणीने मैत्रिणीला नव्हे, गड्याने बाईला विचारले होते.

वर्षानुवर्षे मी नववीच्या वर्गात ध्वनी हे प्रकरण शिकवले. तबकडी वेगाने फिरवली की स्वर उंच होतो, हे फळ्यावर आकृती काढून समजावले. हा साधा नियम मला स्वतःला लावता आला नव्हता.

“रेकॉर्ड कशी होती?” मी विचारले.

“छोटी. वर हिरवा कागद. धर्मा का कायतरी नाव.”

रिक्षा मिळायला वेळ लागला. दुकानात पोचलो तेव्हा खुर्ची जागेवर नव्हती, शेजारचा ढीगही नव्हता. मालकाने कपाळावर हात मारला. दुपारी तो जेवायला गेला असताना त्याच्या भागीदाराने सगळे प्लास्टिक टेम्पोत भरून, ते दळून दाणे करणाऱ्या कारखान्याला दिले होते. रेकॉर्ड हेसुद्धा प्लास्टिकच. त्याने माझ्यासमोरच फोन लावला, बराच वेळ बोलला आणि मान हलवली.

“मशीन में चला गया, मास्टरजी. अब तक दाना बन गया होगा. मैंने बोला था, ले जाओ.”

त्याने खरेच तसे म्हटले होते.

चौथ्या दिवशी मी परतीची गाडी सोडून पुन्हा दातिवऱ्याला गेलो. सागरने मूळ तुकडा मला दिला होता. तेवढाच, पुढचे त्याने उतरवलेच नव्हते. रॅपमधले चार सेकंद मूळ वेगात सहा झाले होते, आणि तेच सलग सहा वेळा जोडलेले. घडलेले सर्व मी हिराबाईंना क्रमाने सांगितले. काहीही वगळले नाही.

त्यांनी हातातली सुकट खाली ठेवली. मग विचारले, “हातात घेतली होती तुमी?”

“हो.”

“काय लिवलं होतं वर?”

“धर्मा आणि साथी.”

“साथी म्हंजे मीच. दुसरं कोन होतं?” त्यांनी हात पुसले. “लावा, हाय तेवढं.”

मी तुकडा लावला. ‘दातिवऱ्याचे बंदराला येशील का गो?’ हिराबाईंची मान ताठ झाली. त्यांनी ओठ उघडले. पुढची ओळ त्यांची होती. पण पहिला शब्द बाहेर पडतो न पडतो तोच तो आवाज पुन्हा विचारू लागला. त्या थांबल्या. दुसऱ्यांदा त्यांनी घाईने सुरुवात केली. तेवढी जागा नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतेच ऐकले. आवाज विचारत राहिला.

“बंद करा, मास्तर,” त्या म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. “जिता होता तवा पन असाच. माझं पुरं ऐकून घ्यायचा नाय.” हसू संपले तरी पदर तोंडावरच राहिला.

तुकडा त्यांच्या सुनेच्या फोनमध्ये पाठवतो, असे मी सुचवले.

“नको. तो सारखा तेच इचारल. नि मी काय सांगू त्याला?”

निघताना त्यांनी मला बोंबलांची पुडी दिली. ती नाकारण्याचा अधिकार मला नव्हता.

परतीच्या एस.टी.त मी बराच काळ स्वतःच्या बचावाचे मुद्दे शोधत होतो. ऊन खरेच कडक होते. रेकॉर्ड खरेच वाकते. पण वाकलेल्या रेकॉर्डमधूनही हिराबाईंना नवऱ्याचा गळा ओळखू आला असता, आणि त्यामागोमाग त्यांचा स्वतःचाही. मी मात्र जी मुलगी कधी नव्हतीच, तिच्यासाठी पेटीतली जागा जपत बसलो.

या छंदात पडू इच्छिणाऱ्यांना एक सांगणे आहे. मूळ गाणे सापडले की आपण त्याचे वर्ष, कंपनी, वाद्ये यांची नोंद करतो. ते करावे. पण त्याआधी समोरच्या माणसाला निदान एक प्रश्न जास्त विचारावा. दातिवऱ्याला पहिल्या दिवशी हिराबाई पायरीवर बसून मला त्याच गाण्याबद्दल सांगत होत्या, आणि मी मान खाली घालून लिहीत होतो.