धुक्यात घंटा थांबली

ज्यांच्या चरणांशी चार श्वान निर्भयपणे विसावतात, त्या श्रीदत्तगुरूंना वंदन करून, माझ्या नातीने आपला कुत्रा परीक्षेस उतरवला त्या सकाळची हकीकत लिहितो. चूकभूल वाचकांनी सांभाळून घ्यावी.

हिवाळा मी मुलाकडे, अमिरातीतील रास अल खैमाला काढतो. मुलगा तेथील टाइल्सच्या कारखान्यात नोकरीस आहे, नात कॉलेजात शिकते. तिचा कुत्रा पॉइंटर जातीचा, पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके. सोवळ्यात मी त्याला शिवत नाही. तोही, कोणी शिकवले नसता, माझी संध्या आटोपेपर्यंत खोलीच्या दाराबाहेर बसून राहतो.

या जातीच्या कुत्र्याचे काम पक्षी धरणे हे नव्हे. झुडपात तितर दडल्याचा वास येताच त्याने एक पाय उचलून, नाक रोखून जागच्या जागी थिजायचे. मालकाने जवळ येऊन पक्षी उडवीपर्यंत हलायचे नाही. शीळ घातली तरी नाही. पक्षी उडाल्यावर बंदुकीचा पोकळ बार काढतात, त्यानेही कुत्रा बिचकता कामा नये. पक्ष्याला इजा होत नाही, हे नातीकडून वदवून घेतल्यावरच मी सोबत निघालो.

परीक्षेचे मैदान शहराबाहेर होते. वाळूचे उंचवटे, गाफची विरळ झाडे, आणि पलीकडे खाणींतून खडी वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता. परीक्षक एक वृद्ध इंग्रज गृहस्थ होते. स्कॉटलंडच्या माळांवर ग्राउस नावाच्या पक्ष्यांच्या मागावर सोडलेल्या कुत्र्यांची अशीच पारख करण्यात त्यांची हयात गेली होती.

"यल्ला, चला बाबा, खुर्ची गाडीजवळच ठेवतो," मुलगा म्हणाला. "वाळूत चालू नका, खाली विंचू असतात."

नातीने कुत्र्याच्या गळ्यात लहानशी घंटा बांधली. "आजोबा, घंटा वाजतेय तोवर तो शोधतोय. थांबली की, ही हॅज फाउंड समथिंग."

"आमच्या देवळात उलट असते. देव सापडला की वाजवतात."

"आजोबा, प्लीज, नो जोक्स. आय ॲम सो नर्व्हस."

कुत्रा सुटला. तो डावी-उजवीकडे झेपावत चालला असता समुद्राकडून धुके आले. येथे ते असे येते की पाहता पाहता झाडे जातात, मग जवळची गाडी, मग स्वतःची पावले. परीक्षकांनी शिट्टी फुंकून सर्वांना थांबवले. घंटा मात्र वाजत वाजत दूर गेली, आणि एकाएकी थांबली.

नातीने शीळ घातली. पुन्हा घातली. उत्तर नाही.

आमची अडचण त्या क्षणी माझ्या ध्यानात आली. कुत्रा उनाड असता तर धावत परत आला असता. हा शिकवलेला होता. कोठेतरी पाय उचलून तो उभा होता, आणि ती येईपर्यंत उभाच राहणार होता.

"ही वोन्ट मूव्ह, डॅड," नात म्हणाली. "मी गेले नाही तर तो दिवसभर तसाच उभा राहील."

"धुकं जाऊ दे. थांब. अगं, थांब म्हणतोय ना!"

ती गेली होती. मुलगा तिच्यामागे चार पावले धावला आणि परतला, कारण कोणत्या दिशेला धावायचे हेच त्याला उमगेना. त्याने फोन लावला. तो आमच्याच गाडीत, तिच्या जाकिटात वाजला.

त्यानंतर ट्रकांचे आवाज मला फार मोठे वाटू लागले. आंधळेपणाने चालणारी पोर कधी रस्त्यावर पोचेल, हे तिलाही कळले नसते. जमलेल्या मंडळींनी चहूकडून गाड्यांचे हॉर्न सुरू केले, तेव्हा परीक्षक संतापून ओरडले. आमच्या माळावरही धुके असते, ते म्हणाले. दहा दिशांनी आवाज आला तर माणूस भोवऱ्यासारखा फिरतो. आवाज एकच हवा, एकाच जागचा, न थांबणारा.

मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"काहीही! पहाटे म्हणता ते स्तोत्र. वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात ना, त्याच आवाजात म्हणा!"

मी खुर्चीचा हात धरून उभा राहिलो. पाठशाळेत गुरुजींनी नदीच्या या काठावरून त्या काठापर्यंत पोचेल असा स्वर लावून घेतला होता. पण भ्यालेल्या माणसाला स्वर लागत नाही, हे त्या दिवशी कळले. पहिला श्लोक कसाबसा निघाला. दुसऱ्या श्लोकाला दम धरला. इतक्यात पलीकडे एका ट्रकने करकचून ब्रेक लावला, आणि श्लोक अर्ध्यावरच तुटला.

धुक्यातून बारीक हाक आली. "आजोबा! डोन्ट स्टॉप! कुठे आहात तुम्ही?"

मी सुरू केले. कोणता श्लोक कोणत्या श्लोकाला जोडला, देव जाणे. जन्मात प्रथमच पाठ चुकला आणि मी मागे वळून सुधारला नाही. श्वासापुरताही थांबायला भीत होतो. मुलगा शेजारी माझ्या उपरण्याचे टोक मुठीत धरून उभा होता, लहानपणी जत्रेत धरी तसा.

मग राखाडी धुक्यातून एक काळसर आकृती झाली, आणि ती नात होती. दवाने निथळणारा कुत्रा तिच्या हातातल्या पट्ट्याला होता.

"रस्ता अगदी जवळ होता, डॅड. तो झुडपापाशी उभा होता. तितर उडाला तरी हलला नाही. आय स्वेअर, पर्फेक्ट होता!"

परीक्षकांनी टोपी काढून तिला नमस्कार केल्यासारखे केले, आणि खेदाने सांगितले की जे त्यांनी पाहिले नाही त्याचे गुण देता येत नाहीत.

"खलास," मुलगा म्हणाला, आणि तोंड फिरवून रडला.

मी खाली बसलो. माझ्या सोवळ्याच्या विचाराने नातीने कुत्र्याला दूर धरले होते. मी हात पुढे केला आणि त्याच्या ओल्या डोक्यावर ठेवला.

वाचकहो, आपल्या घरची मुले ज्या ज्या परमुलखात वावरत असतील, तेथे त्यांना दिशा दिसो. आणि दिसेनाशी झालीच, तर घरच्या माणसाचा आवाज त्यांच्यापर्यंत अखंड पोचो. आपल्या दारातल्या मुक्या जिवांसह आपण सर्व सुखरूप असा. इति शुभम्.