आधी मासे, मग बेडूक

आमच्या शेजारच्या भाऊंकडे काचेच्या टाकीत मासे आहेत, आणि पाण्यातच राहणारे अंगठ्याएवढे दोन बेडूक. भाऊ अमळनेरला एका कचेरीत खिडकीवर बसतात. बोलतात कमी, आणि बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत.

संध्याकाळी ते टाकीच्या डाव्या कोपऱ्यात दाणे टाकतात. मासे तिकडे धावले, की उजवीकडे चिमट्यात धरलेली लाल अळी बेडकाच्या नाकापुढे नेतात आणि त्याला कळेपर्यंत हात हलवत नाहीत.

"मासा बठ्ठं खाई टाकतस," ते एकदा म्हणाले. "याले नीट दिखस नही."

परवा दाखल्यासाठी आम्ही चार-पाच जण त्यांच्या खिडकीपुढे घुसलो होतो. मागे एक म्हातारी अक्का कागद धरून नुसती उभी होती. भाऊंनी आमचे कागद न बघताच परत केले.

"आधारची अजून एक झेरॉक्स आणा."

आम्ही धावलो. परत आलो तर खिडकीशी अक्का. तिच्या अंगठ्यापुढे शाईचं पॅड धरून भाऊ थांबले होते, हात न हलवता.

माझी झेरॉक्स त्यांनी घेतलीच नाही. "राहू द्या," म्हणाले.

हातातल्या झेरॉक्सकडे बघताना कळलं: डाव्या कोपऱ्यातले दाणे मी पदरच्या पैशाने आणले होते.