थांबा मिस्त्री आणि खिडकीतल्या बरण्या

मिस्त्रींचं खरं नाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं. सगळे त्यांना 'थांबा' म्हणतात. ट्रक दारात आला आणि ड्रायव्हर उतरून काही सांगायला लागला, की ते हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा." मग इंजिनाला कान लावून उभे राहतात.

मी त्यांच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. सकाळी चहाचा कप घेऊन खाली उतरते. पुस्तकं शिकलेल्या मुलीला डिझेल इंजिनात काय दिसतं, असं त्यांची बायको, म्हणजे काकू, विचारतात. मला नीट सांगता येत नाही.

गॅरेजच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची रांग आहे. ट्रक आला, की मिस्त्री त्याचं थोडं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, बरणीत काढून ठेवतात. काम होऊन ट्रक निघाला, की पुन्हा एक बरणी. झाकणावर नंबर आणि तारीख. डावीकडे आलेल्यांच्या, उजवीकडे गेलेल्यांच्या. रात्रभर निवळू द्यायचं. गाळ खाली बसतो, तेल असलं तर वर येतं. काकूंच्या स्वयंपाकघरात एक बरणी टिकत नाही. साखर पिशवीत असते. "सवत आणली असती तर तिनं निदान बरण्या तरी मागितल्या नसत्या," असं त्या म्हणतात.

त्या मंगळवारी साडूंचा ट्रक आला. साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचे पाच ट्रक आहेत आणि पाचही मिस्त्रींकडेच येतात. तरी दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. चारचौघांत साडू विचारतात, "काय साडूभाऊ, अजून थांबलेलेच का?" मिस्त्री म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे. बंद पडलात की येतोच मी."

ड्रायव्हर अकरा वर्षं तोच ट्रक चालवत होता. उंच, थोडा वाकून चालणारा. इंजिन तापत होतं. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं, तर हिरव्या पाण्यावर चिकट साय धरलेली. मागोमाग साडू आपल्या गाडीतून उतरले. त्यांचा निकाल तयार होता. ड्रायव्हरनं पाणी समजून तेल ओतलं. हल्ली त्याचं लक्ष नसतं. ट्रकची किल्ली त्यांनी त्याच्याकडून काढून घेतली आणि आठवड्याभरात दुसरा माणूस ठेवतो म्हणाले.

ड्रायव्हरनं काही लपवलं नाही. मागच्या आठवड्यात एका चढावर पाणी कमी वाटलं, म्हणून रस्त्याकडेच्या दुकानदारानं दिलेली बाटली त्यानं ओतली होती. आत काय होतं ते पाहिलं नव्हतं.

"असेल माझंच," तो म्हणाला.

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी बरणी भरून डाव्या रांगेत ठेवली. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून काढली. तेलात पाणी शिरलं असतं, तर ते दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. ते काळंच होतं. थंड इंजिन चालू करून टाकीत बुडबुडे येतात का, ते पाहिलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सांधा बंद ठेवणारी चकती, फाटलं असतं, तर आले असते. आले नाहीत. मग टाकीला हातपंप लावून दाब दिला आणि काट्याकडे बघत अर्धा तास बसले. तेवढ्या वेळात साडू तीनदा उठले. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. दुपारी ऑइल कूलर उतरवला. तिथं तेल आणि पाणी एका पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच. तो पाण्यात बुडवून आत हवा सोडली. तोही धड निघाला.

इंजिनात कुठं फटच नाही, म्हणजे तेल बाहेरून आलं, असं साडू म्हणाले. मिस्त्रींनी मान डोलावली. ते खरंच होतं.

बुधवारी सकाळी बरणी निवळली होती. मिस्त्रींनी ती उजेडात धरली. वर बोटभर तेल होतं, मधासारखं पिवळं, आरपार दिसणारं. डिझेल इंजिनात तेल चार दिवसांत काजळासारखं होतं. हे इंजिनात फिरलेलंच नव्हतं. त्यांनी झाकण उघडून थेंबभर बोटांवर चोळलं, वास घेतला.

"जॅकचं तेल आहे," ते म्हणाले. ट्रक उचलायच्या जॅकमध्ये घालतात ते.

मग ते उजव्या रांगेकडे वळले. तीन आठवड्यांपूर्वी याच ट्रकचा पाण्याचा पंप त्यांनीच बदलला होता. कूलंटही त्यांनीच भरलं होतं. त्या दिवसाची बरणी मागे होती, धूळ बसलेली. त्यांनी ती काढून पहिलीच्या शेजारी धरली.

तिच्यातही वर तसंच पिवळं तेल होतं.

"गेलेल्यांच्या मी बघतच नाही गं पोरी," ते म्हणाले. "ठेवतो नुसत्या. किती वर्षं झाली असतील."

पंप बदलला त्या दिवशी कूलंट कालवायची बादली काकूंनी धुणं भिजवायला वर नेली होती. मिस्त्रींनी कोपऱ्यातला एक रिकामा कॅन घेतला होता. तो जॅकच्या तेलाचा होता. त्यांना वाटलं तितका रिकामा नव्हता.

मी दाराकडे पाहिलं. साडू बाहेर फोनवर बोलत होते. ड्रायव्हर पायरीवर बसला होता. केबिनमधलं सामान त्यानं काढून आणलं होतं. एक पांघरूण, एक डबा, दोन मुलींचा फोटो. गटार पाच पावलांवर होतं. बरणी तिथं ओतली असती, तर कुणाला कळलं नसतं. हे मला सुचलं. सुचलं याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

"काका, साडूंना कळलं तर ते जन्मभर..." मी म्हणाले.

"थांब," ते म्हणाले, आणि दोन्ही बरण्या घेऊन बाहेर गेले.

साडूंनी फोन ठेवला.

"साडूभाऊ, तेल माझ्या कॅनमधलं आहे. पंप बदलला तेव्हा मीच ओतलं. ही त्या दिवसाची बरणी."

साडूंनी झाकणावरची तारीख वाचली.

"म्हणजे थांबा मिस्त्री चुकले," ते सावकाश म्हणाले, जिभेवर घोळवत.

"चुकलो. आधी त्याची किल्ली द्या, मग पोटभर हसा."

"आणि त्याच्या बाटलीचं काय?"

"बाटली गेल्या आठवड्यातली. बरणी तीन आठवड्यांची."

साडू हसले नाहीत. त्यांनी खिसे चाचपले आणि किल्ली ड्रायव्हरपुढे धरली, त्याच्याकडे न बघता. ड्रायव्हरनं ती लगेच घेतली नाही.

"मी हो म्हणालो होतो की," तो मिस्त्रींना म्हणाला.

"कशाला म्हणालास?" मिस्त्री चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "वास न घेता ओतलंस, तेवढं तुझं. बाकीचं माझं."

तेलानं रबरी पाइप फुगले होते. ते सगळे बदलले. आतून साबणाच्या पाण्यानं चार वेळा धुतलं. ड्रायव्हर घरी गेला नाही, बादल्या भरत राहिला. गुरुवारी संध्याकाळी नवं कूलंट भरलं, नव्या बादलीतून. साडू येऊन पाहून गेले. जाता जाता म्हणाले, "साडूभाऊ, पुढच्या लग्नात चारचौघांना दाखवायला बरण्या घेऊनच या." काकूंनी वरूनच उत्तर दिलं, की तुमच्या घरच्या द्या मग, आमच्या संपल्या.

मिस्त्रींनी ट्रक त्या संध्याकाळी सोडला नाही. नवी बरणी रात्रभर निवळायची होती.

शुक्रवारी सकाळी मी खाली आले, तर ते उजव्या रांगेसमोर स्टूल टाकून बसले होते. एकेक बरणी पुसत होते आणि उजेडात धरत होते. मी काही विचारणार, तर हात वर केला. ते मनातल्या मनात बरण्या मोजत होते, आकडा चुकला असता. सगळ्यात शेवटी त्यांनी कालची बरणी घेतली. तळापासून वरपर्यंत नुसतं हिरवं पाणी.

त्यांनी ती दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे दिली. ड्रायव्हरनं झाकण उघडलं, नाकाशी नेलं, आणि बराच वेळ वास घेत उभा राहिला. मग झाकण घट्ट लावून बरणी स्वतःच खिडकीत ठेवली आणि ट्रकमध्ये चढला.