कोरडी थुंकी

"चाव बे. नीट चाव."

पोलीस पाटलाने माझ्या तळहातावर कच्चे तांदूळ टाकले. वरून सोडले, बोट लागू नये म्हणून. चावडीसमोर आमच्या वस्तीतले सगळे बाप्ये उन्हात रांगेने बसवले होते. त्या पाटलाच्याच घरून सोन्याची पोत गेली होती. घरात लग्नाचे पाहुणे भरलेले. त्यांतल्या एकालाही कोणी तांदूळ दिले नाहीत. चोर हुडकायची गावची रीतच ही. तांदूळ चावायचे, थुंकायचे. ज्याची थुंकी कोरडी, तो चोर.

सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. विहीर त्यांची, आम्हाला बंद. घशात भीती. मी थुंकलो. पांढरा भुगा पडला.

"सापडला न बे!" कोणीतरी हसलं.

माझा बाप रांगेतून उठला. पाटलापुढे हात जोडून नुसता वाकला. ते वाकणं अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पोलीस जमादाराने दोरी लावून भरल्या बाजारातून नेलं. ठाण्यात काय केलं ते लिहीत नाही. तळपाय अजून सांगतात. शेवटी तो अगदी मायेने म्हणाला, "मॅजिस्ट्रेटसाहेबापुढं हाव म्हन, म्याच चोरली म्हन, सुटशीन. नाही तं तुह्या बापाले आनतो."

मलकापूरच्या कोर्टात मी 'हाव' घोकतच शिरलो. साहेबांनी आधी जमादाराला बाहेर घालवलं. दार लावून घेतलं. मग माझ्याकडे न बघता, पाठ केल्यासारखं म्हणाले, "कबुली द्यायला तू बांधील नाहीस. दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. समजलं?"

"म्हंजे, नाही बोललो तं चालते, साहेब?"

"चालतं."

एवढंच. कायद्यात लिहिलंय म्हणून म्हणाले, माझ्या कळवळ्याने नाही. पण जन्मात पहिल्यांदा कळलं, माझं तोंड माझं आहे. आमच्या वस्तीत हे एकालाही काऊन ठाऊक नव्हतं?

"म्या चोरी नाही केली," मी म्हणालो. "अन् आता मले काही बोलायचं नाही."

जेलात गेलो. पुरावा नव्हता, सुटलो. पोत कधीच मिळाली नाही. गाव आजही म्हणतं, कोर्टानं सोडला, पन थुंकी तं कोरडीच होती. बाप त्याच वर्षी गेला. अजूनही कधी जेवताना पहिल्याच घासाला तोंड सुकतं, घास फिरतच राहतो. घरातले खाली मान घालून जेवतात.

आता मी वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगतो. धरलं तर कारण विचारा. चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करा म्हणा. वकील मागा. पोलिसापुढची कबुली कोर्ट मानत नाही.

वडनेर भोलजीच्या वस्तीत एक म्हातारा उठला. "आन् मारलं तं, भाऊ?"

"मारतीन, बाबा. मलेही मारलं. तरी कबूल व्हायचं नाही. कोर्टात सदरा वर करून वळ दाखवायचे."

खोटा धीर मी कोणाला देत नाही. पण यापुढे आमच्यातला जो कोणी धरला जाईल, त्याच्यासाठी मी ठाण्याच्या दारात उभा असेन. तो कोर्टापुढे येईपर्यंत तिथून हलणार नाही. मलाही आत घातलं तरी.